झाईच्या वाडीतलं पालथं ताट

मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढतेय, आता डोळे मिटूनही काढीन. २०१७ च्या सहामाहीआधी सातवीच्या वर्गात असाच नकाशा काढला, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, तिकडची माणसं जेवतात काय?" मी पुस्तकातलं सांगून टाकलं. मका, कसावा, केळी. ती म्हणाली, "तुम्ही खाल्लंय का?" वर्ग हसला, मीही हसले, पण घरी आल्यावरही ते काही डोक्यातून जाईना.

शिक्षकखोलीत बोलता बोलता कळलं की आफ्रिकन जेवण चक्क आपल्याच राज्यात मिळतं. डहाणूच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या झाई गावात, चिकूच्या वाडीत एक खानावळ आहे. एका सहशिक्षिकेची बहीण डहाणूला रेल्वेत आहे, ती तिथे जेवून आली होती. "जेवण चांगलं आहे," ती म्हणाली होती, "पण तिथून उठावंसं वाटत नाही, ते जास्त खरं."

"नाशिकवरून झाईला आफ्रिकन जेवायला?" सुहास, म्हणजे आमचे यजमान, म्हणाले. "डोकं ठिकाणावर आहे ना?" पण दिवाळीच्या सुट्टीचे चार दिवस रिकामेच होते. मोठ्या जाऊबाई यंदाही आमच्याकडे फराळाला येणार नव्हत्या. राहतात नाशिकलाच, पण चार वर्षं झाली, आमच्या घराची पायरी चढलेल्या नाहीत. आमचा नवा फ्लॅट त्यांच्या डोळ्यात खुपतो, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी कधी विचारायलाही गेले नाही. फराळाचे डबे भरून ठेवले आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी काढली.

नाशिकवरून जाणार असाल तर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार असं जा. रस्ता वळणावळणांचा आहे, मोखाड्याच्या पुढे काही ठिकाणी खड्डेही होते, पण त्या दिवसांत दोन्ही बाजूंना कापलेलं भात पसरलेलं असतं आणि खळ्यांवर माणसं. जव्हारला पोहे खाल्ले. कासा ओलांडून चारोटीला मुंबई-अहमदाबाद हायवे लागतो, तिथे चहा घ्या, कारण पुढे डहाणूपर्यंत धड टपरी नाही. आशागड मागे पडलं की हवा बदलते, खारट आणि जरा जड होते. डहाणूवरून समुद्राला धरून उत्तरेला निघालं की नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी. एका बाजूला सुरूची झाडं आणि दुसरीकडे चिकूच्या वाड्या. गाडीच्या काचा खाली केल्या, रेडिओ बंद केला, आणि दोघंही बोलायचे थांबलो. पंचवीस वर्षांच्या संसारात असं फार वेळा झालेलं नाही.

बोर्डीला एका घरगुती निवासात खोली घेतली, पिशव्या टाकल्या आणि साडेबाराला झाईला पोचलो.

पाटी शोधायला वेळ लागला. वाडीच्या कुंपणाला पत्र्याचा एक तुकडा बांधलेला, त्यावर निळ्या रंगात 'करिबू. घरगुती आफ्रिकन व मराठी जेवण.' आत गेलो तर हॉटेल असं काही दिसेचना. चिकूच्या झाडांखाली सारवलेलं अंगण, नारळाच्या झावळ्यांचा मांडव, आणि मांडवात एकच लांबलचक टेबल, जुन्या होडीच्या फळ्यांचं. आलेली सगळी माणसं त्या एकाच टेबलाला बसतात, ओळख असो नसो. आमच्या आधी तलासरीच्या तहसील कचेरीतले दोन कारकून, उंबरगावचं एक गुजराती जोडपं आणि झाईचे तिघे मच्छीमार बसलेले होते. कोणी घाई करत नव्हतं, जेवण यायला अर्धा तास लागला तरी घड्याळाकडे कोणी बघत नव्हतं. पानांतून ऊन गाळून येत होतं आणि वारा आला की टेबलावर हलत होतं. मला पाच मिनिटांत झोप येईलसं वाटायला लागलं, तेही अनोळखी माणसांत.

टेबलाच्या टोकाला एक जागा मोकळी होती. समोर ताट पालथं घालून ठेवलेलं. मी सरळ तिकडे निघाले, तर एक मच्छीमार हळूच म्हणाला, "ताई, तिथं नाही. ती जागा कुणाची तरी आहे."

मी दुसरीकडे बसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून नीमा आली.

नीमा ही या जागेची मालकीण. टांझानियात टांगा नावाचं बंदर आहे, ती तिथली. चाळिशीची असेल. उंच, काळीभोर, सुती पातळ आपल्या पद्धतीने नेसलेली, डोक्याला मात्र तिकडचा रंगीत फडका. एका हातात तोटीचं तांब्याचं भांडं, दुसऱ्या हातात पितळी घंगाळ. "करिबू," ती म्हणाली, म्हणजे या, तुमचंच घर आहे. मग चक्क मराठीत, मध्ये थोडी गुजराती पेरून, "बसा ना. हात आणा ताई, पेला हात, आधी हात."

आणि तिने माझ्या हातावर कोमट पाणी ओतलं. त्यात लिंबाची पानं टाकलेली होती. तिच्या गावची ती रीत आहे. घास घेण्याआधी घरच्या बाईने पाहुण्याच्या हातावर पाणी घालायचं, एकेकाच्या, सावकाश, त्याच्याकडे बघत. नळ आहे की कोपऱ्यात, पण नळावर कोणी जात नाही. कारकुनांनी हात पुढे केले, मच्छीमारांनी केले, सुहासनेही केले. हे आमचे हॉटेलात गेल्यावर आधी पंखा कुठे आहे ते बघणारे गृहस्थ. ते म्हणाले, "आईनंतर माझे हात कोणी धुतले नव्हते गं." मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

टेबलाला फेरी मारून नीमा त्या पालथ्या ताटापाशी गेली, क्षणभर उभी राहिली आणि भांडं घेऊन परत फिरली.

जेवणाचं सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण त्यासाठीच वाचत असणार. उगाली म्हणजे पिठाचा घट्ट गोळा. तिकडे पांढऱ्या मक्याची करतात, पण इथे तसं पीठ मिळत नाही म्हणून नीमा नागलीची करते. ती घोटायचं काम जमनीचं. जमनी जवळच्या पाड्यावरची, नीमाचा उजवा हात. वल्ह्याएवढा लाकडी पळा घेऊन ती चुलीपुढे उभी असते. मी डोकावले तेव्हा म्हणाली, "आमच्याकडं पण नागलीच खातात. ही थोडी जाड, एवढंच." उगालीचा लाडवाएवढा तुकडा मोडायचा, अंगठ्याने त्यात खळगा करायचा आणि त्यातून कालवण उचलायचं. सोबत नारळाच्या दुधातला राजमा, नारळाच्या दुधातला माठ, नारळातच शिजवलेला भात, आणि निखाऱ्यावर भाजून चिंच-नारळाचा लेप दिलेलं पापलेट. कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला तिकडेही कचुंबरच म्हणतात. हे सगळं तेव्हा दीडशे रुपयांत, मासा नको असेल तर शंभरात. एका वेळी पंधरा-वीसच माणसांचं होतं, म्हणून सांगून गेलेलं बरं.

नीमाचे यजमान विनायकभाई वाढायला होते. झाईचेच. तरुणपणी टांग्याला बर्फाच्या कारखान्यात फिटर म्हणून गेले, सोळा वर्षं राहिले, तिथेच नीमाशी लग्न केलं. कारखाना बंद पडला तेव्हा दोघं इकडे आले, त्याला सहा वर्षं झाली. मी विचारलं, "ते पालथं ताट कुणाचं?"

त्यांनी हातातला वाढायचा डाव खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "आईचं. माझी आई नीमाच्या हातचं जेवत नाही. आलो त्या दिवशी नीमाने भात वाढला, आईने ताट सरकवलं. तेव्हापासून स्वतःच्या चुलीवर वेगळं रांधून खाते. नीमा रोज तिचं ताट मांडते. मी सांगून थकलो, नको मांडूस. ती म्हणते, पोले पोले."

"म्हणजे?"

"हळूहळू. तिकडे कशालाही तेच म्हणतात."

नंतर मांडवाच्या कडेला जमनी भांडी घासताना नीमा मला म्हणाली, "ताई, इथे सगळे जेवतात. कलेक्टर ऑफिसचे जेवतात, होडीवाले जेवतात. एक माणूस जेवत नाही. मला तेच एक माणूस पाहिजे." हसत म्हणाली. असल्या सासवा मी पाहिल्या आहेत, आणि मला त्यांचा मनस्वी राग आहे.

या सासूबाई कुठे दूर नव्हत्याच. पडवीत बसून नारळ खवत होत्या. गंमत अशी की बसल्या होत्या त्या टांग्याहून आणलेल्या खवणीवर. घडीचा छोटा स्टूल, पुढे लोखंडी दाताळं. तिकडे त्याला बकरी म्हणतात, म्हणून म्हातारी पण बकरीच म्हणते. पंचाहत्तरीची बारकी, चुणचुणीत बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मला वाटलं होतं तोंड फिरवून बसेल, तर मलाच म्हणाली, "बस गं बाय. नाशिकची का? द्राक्षं महाग झाली म्हणतात." आणि पुढचं बघून मी चकित झाले. नीमाने आणून ठेवलेला आल्याचा चहा तिने बशीत ओतून फुर्रकन पिऊन टाकला. वर म्हणाली, "चहा करावा तर हिनंच."

चहा चालतो, जेवण चालत नाही. विनायकभाईंना त्यात नवल वाटत नव्हतं. "चहा काय, ती बसस्टँडवर पण पिते. जेवणाची गोष्ट वेगळी," ते म्हणाले.

मी तासभर तिच्याजवळ बसले. सुहास चिकूच्या झाडाखालच्या खाटेवर घोरत होते. कोंबड्या पाचोळा उकरत होत्या, लांबून समुद्राचा आवाज येत होता, आणि ती बकरीवर बसून एकामागून एक नारळ खवत होती, खसखस, खसखस. परातीत पांढरा ढीग वाढत होता. मला कशाचंही भान उरलं नव्हतं. शाळा, पेपर तपासणी, जाऊबाई, सगळं कुठेतरी लांब राहिलं होतं. एक गोष्ट मात्र खटकत होती. नारळ खवताना चिमूटभर तोंडात न टाकणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हिने दहा नारळ खवले आणि बोटाला लागलेला कीससुद्धा पाण्यात बुडवून धुतला.

आता माझी चूक सांगते. मला गप्प बसवत नाही, हे माझ्या घरचे आणि शाळेतले सगळे सांगतील. मला वाटलं, म्हातारी हट्टी आहे, पण मनाने वाईट नाही, हिला जरा लाडीगोडीने घ्यावं. चुलीजवळच्या डब्यातला गूळ घेतला, मूठभर ओल्या खोबऱ्यात कालवला आणि लग्नात विहिणीला भरवतात तसा घास सरळ तिच्या तोंडाला लावला. "घ्या हो आजी, सुनेच्या घरचा एक घास. माझ्यासाठी."

तिने इतक्या जोरात मान मागे घेतली की बकरी कलंडली. दोन्ही हातांनी ओठ पुसले, थुंकली, पुन्हा थुंकली. "काय केलंस गं बाय," ती म्हणाली, "काय केलंस हे." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

जमनी धावत आली, तिच्या मागून नीमा, मग विनायकभाई. ते माझ्यावर चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. "तुम्हाला सांगितलं होतं ना, ती इथलं खात नाही. कशाला मध्ये पडता?" मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.  नीमा फक्त त्या थुंकलेल्या खोबऱ्याकडे बघत होती.

तो चेहरा म्हातारीनेही पाहिला. म्हणाली, "नको गं तशी बघूस. तुझ्यामुळं नाही." आणि मग जे बोलली ते मी जमेल तसं लिहिते.

"विनू आफ्रिकेला गेला त्या दिवशी मी महालक्ष्मीला बोलले. माझा पोर सुखरूप येऊ दे, त्याचं लगीन होऊ दे, जोडीनं येऊन तुझ्या पायाशी नारळ फोडू दे, तोवर मी नारळ तोंडात घालणार नाही. बावीस वर्षं झाली. हा आला, बायको घेऊन आला. पहिल्याच दिवशी हिनं भात केला, सगळा नारळाचा. मी काय करू? राजमा नारळाचा, भाजी नारळाची. कोरडी उगाली कशाशी खाऊ? नारळ नाही असा एक चहाच आहे हिचा."

"मग सांगायचं नाही का?" विनायकभाईंनी विचारलं.

"नवस बोलून दाखवतात का रे? फळ जातं. दर चैत्राला म्हटलं तुला, यात्रेला जाऊन ये. तू म्हणालास, आम्ही नाही येत. मला वाटलं, तिकडं राहून याचा देवावरचा विश्वास उडाला."

विनायकभाई पायरीवर खालीच बसले. "मला वाटलं तू मला एकट्यालाच जा म्हणतेस," ते म्हणाले. "आणि हिला घेऊन यात्रेच्या गर्दीत गेलो तर लोक बघत राहतील, म्हणून मी..."

सहा वर्षं. एकाच अंगणात, वीस पावलांवर दोन चुली. मला रडू आलं आणि मी रडले, लपवायचं काही कारण नव्हतं. सगळ्यांत मोठी काळजी मात्र म्हातारीलाच. पुन्हा पुन्हा ओठ पुसत म्हणत होती, "मोडला का गं नवस? ओठाला लागलं. मोडला का?"

शेवटी जमनीने निकाल दिला. पदराला हात पुसत म्हणाली, "गिळलं का? नाही ना. मग कसा मोडतोय? पण आता तोंडातून बोललीस, आता थांबायचं नाही. उद्याच जा."

एवढ्या वेळात नीमा पहिल्यांदा बोलली. तिने विचारलं, "देवीला किती नारळ न्यायचे?"

संध्याकाळी आम्ही झाईच्या किनाऱ्यावर गेलो. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या, बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, आणि ओहोटीमुळे समुद्र इतका आत गेलेला की तिथपर्यंत चालत जावं की नको असं वाटत होतं. सुहास म्हणाले, "तू तोंडात घास कोंबला नसतास तर?" मी म्हटलं, "तर अजून सहा वर्षं गेली असती." ते म्हणाले, "फार हुरळून जाऊ नकोस, म्हातारी घुसमटली असती." खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशीचा आमचा बेत डहाणूच्या किल्ल्याचा होता, तो रद्द केला आणि आमच्याच गाडीने सगळे निघालो. सुहास आणि विनायकभाई पुढे, मागे मी, म्हातारी आणि नीमा. झाईवरून तलासरीपर्यंत छान सावलीचा रस्ता आहे. तलासरीला हायवेला लागून मुंबईच्या दिशेने वळायचं, चारोटीच्या अलीकडे डोंगराखाली महालक्ष्मीचं देऊळ दिसतं. दीड तास धरा. जमनी खानावळीत थांबली होती, कारण नीमाने एक दिवसही चूल बंद ठेवायची नाही असं ठरवलेलं. निघताना जमनीने विचारलं, "आज काय करून ठेवू?" नीमा म्हणाली, "उगाली. बाकी मी येऊन करते."

गाडीत म्हातारीने नीमाचा हात धरला वगैरे, तसलं काही झालं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि मध्येच सांगत होती, हे अमक्याचं शेत, इथे पूर्वी ताडाची झाडं जास्त होती. नीमाच्या मांडीवर पिशवी होती, त्यात पाच नारळ, आणि वळणावर ती पिशवीला घट्ट धरत होती.

देवळात विनायकभाईंना वाटलेली भीती कुठेच दिसली नाही. यात्रेचे दिवस नव्हते, तुरळक माणसं होती. नीमाकडे लोकांनी बघितलं, नाही असं नाही. एका फुलवालीने तर थेट विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" नीमा म्हणाली, "झाईची." फुलवालीने मान हलवली आणि वेणी तिच्या हातात दिली. जोडी पुढे उभी राहिली. विनायकभाईंनी नारळ फोडला, पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यात फुटला. नीमाने वाकून नमस्कार केला, आपण करतो तसा नाही, दोन्ही गुडघे टेकून, कपाळ पार खाली लावून. म्हातारी मागे खांबाला धरून उभी होती. ती रडली नाही. नुसती मोठ्याने "झालं" म्हणाली.

प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा पुढे आला तेव्हा आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो. तिने तो घेतला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकात बांधून टाकला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुहासने माझ्या दंडाला धरलं. या वेळी मी गप्प बसले.

झाईला परत आलो तेव्हा दीड वाजला होता. मांडवात कालचेच तिघे मच्छीमार आणि दोन-चार नवी माणसं ताटकळत बसलेली. भुकेली असूनही कोणी तक्रार केली नाही, कारण जमनीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि सगळ्यांचं लक्ष टेबलाच्या टोकाकडे होतं.

म्हातारी आधी स्वयंपाकघरात गेली. पदराची गाठ सोडली, खोबऱ्याचा तुकडा नीमाच्या हातावर ठेवला. "हा घाल आजच्या भातात," ती म्हणाली. "आणि बकरी दे इकडं. बाकीचे मी खवते." तिने बसून खवलं. नीमाने दूध काढलं, भात टाकला. नारळाच्या दुधात तांदूळ शिजायला लागले की जो वास येतो तो सगळ्या वाडीत पसरला. झाडांवरून एखादा पिकला चिकू धप्पकन पडत होता तेवढाच आवाज.

मग म्हातारी बाहेर आली. टेबलाच्या टोकाला गेली, पालथं ताट सुलट केलं, पदराने पुसलं आणि बसली.

नीमा तांब्याचं भांडं घेऊन आली. ती नेहमी पाहुण्यांपासून सुरुवात करते, त्या दिवशी तिथून केली. काही म्हणाली नाही, करिबूसुद्धा नाही. म्हातारीने तिच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. बारके, नारळ खवून खवून तासल्यासारखे झालेले हात. नीमा पाणी ओतायला लागली आणि ओततच राहिली. घंगाळ भरलं, पाणी टेबलावरून मच्छीमारांच्या पायांवर गेलं, भांडं रिकामं झालं तरी ती तशीच उभी होती. शेवटी म्हातारी म्हणाली, "पुरे गं. भात निवतोय."

पहिला घास तिने खूप वेळ चावला. मग म्हणाली, "सहा वर्षं मी हे खवतेय, असं लागतं होय?" आणि ताट पुढे सरकवलं, आणखी वाढायला.

त्या दिवशी विनायकभाई कुणाकडूनही पैसे घ्यायला तयार नव्हते. आम्ही मागच्या अंगाने जमनीकडे दिले. संध्याकाळी निघताना नीमाने नारळाचे गोड वडे बांधून दिले, वेलदोडा घातलेले. म्हातारीने मला पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "परत कुणाच्या तोंडात न विचारता कोंबू नकोस."

तिसऱ्या दिवशी आल्या रस्त्याने परत निघालो. जव्हारच्या घाटात धुकं होतं. सुहास गाडी चालवत होते, मी मांडीवर वड्यांची पुडी घेऊन बसले होते, आणि मला सारखं ते वीस पावलांचं अंगण दिसत होतं. नाशिकला घरी पोचलो. दार उघडलं तर फराळाचे डबे तसेच ओट्यावर. त्यांत जाऊबाईंच्या नावाचा एक वेगळा होता, दरवर्षी असतो. दरवर्षी आठ दिवसांनी तो आम्हीच संपवतो.

मी जाऊबाईंना फोन लावला. दिवाळीचं बोलणं झालं, मुलांचं झालं. मग मी सरळ विचारलं, "वहिनी, तुम्ही आमच्याकडे का येत नाही?"

"अगं, तुझे तीन मजले," त्या म्हणाल्या. "लिफ्ट नाही. सपाटीवर चालते मी, पण जिना चढताना गुडघा अडकतो, मग रडू येतं. तुम्हाला कळलं तर ऑपरेशन ऑपरेशन करत मागे लागाल, म्हणून बोलले नाही. चार वर्षं वाट बघतेय, हिला एकदा तरी विचारावंसं वाटेल. तू तर कधी विचारलंसच नाहीस."

"आलेच," म्हटलं. फराळाचा डबा उचलला, त्यात झाईचे चार वडे ठेवले आणि जिना उतरायला लागले.